रक्त, लसिका, अन्न : मेडिकल टर्मिनॉलॉजी मी कशी शिकले

मेडिकल कोडिंगचा क्लास मध्येच सोडणारे बरेच जण कोडिंगपर्यंत पोचलेलेच नसतात. त्याआधीच्या टर्मिनॉलॉजीलाच ते कंटाळतात, कारण तिथे पहिल्यांदा समोर येते ती नुसती यादी. मी बी.एस्सी. प्राणिशास्त्र करून भंडाऱ्याहून नागपूरला आले, तेव्हा शरीराची काहीच माहिती नव्हती असं नाही. रोहिणी, नीला, यकृत, प्लीहा हे शाळेत मराठीतून झालं होतं, पुढे तेच इंग्रजीतून. पण अमेरिकेतल्या डॉक्टरने लिहिलेला रिपोर्ट वाचायचा, त्यातला आजार आणि केलेली प्रोसिजर ओळखायची आणि इन्शुरन्सकडे बिल जाण्यासाठी दोन्हींना नेमके कोड द्यायचे, हे काम वेगळं. तिथे शब्द अर्धवट कळून भागत नाही.

रक्ताभिसरण, लसिका (लिम्फ) आणि पचन या तीन संस्थांनी माझा सगळ्यात जास्त वेळ घेतला आणि सगळ्यात जास्त आनंदही दिला. म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली, शब्द तोडण्यापासून. शेवटी ‘आयटिस’ आलं की दाह, ‘मेगॅली’ आलं की अवयव मोठा झालाय, ‘सेंटेसिस’ म्हणजे सुईने पाणी काढणं, ‘ऱ्हाफी’ म्हणजे शिवणं. त्याच्या आधी अवयवाचं मूळ जोडायचं : कार्डिओ म्हणजे हृदय, फ्लेबो शीर, हिपॅटो यकृत, गॅस्ट्रो जठर, स्प्लीनो प्लीहा. ही रीत उत्तम आहे आणि प्रत्येकाने तिथूनच सुरुवात करावी. पण पचनसंस्थेत आलात की ती एकटी पुरत नाही. कोलेक्टॉमी आणि कोलेसिस्टेक्टॉमी दोन्ही ‘कोल’नेच सुरू होतात, पहिल्यात मोठं आतडं काढतात, दुसऱ्यात पित्ताशय. इलियम कानाला एकच, पण स्पेलिंगमध्ये मध्ये ‘ई’ असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि ‘आय’ असेल तर कमरेचं हाड. स्टोमॅटायटिस पोटात होत नाही, तोंडात होतो. आणि कोलेक्टॉमी, कोलॉस्टॉमी, कोलॉटॉमी यांत फरक एका-दोन अक्षरांचा : एकीत आतड्याचा भाग काढून टाकला, दुसरीत आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणलं, तिसरीत फक्त छेद दिला. कोड वेगळे, पैसे वेगळे आणि पेशंटचं पुढचं आयुष्यही वेगळं.

आमच्या मॅडमनी यावर जो उपाय दिला, त्यावरच माझं पुढचं सगळं शिकणं उभं आहे. त्या म्हणायच्या, “यादी मिटून ठेव. रक्त कुठून निघालं, कुठे गेलं, ते बोट ठेवून सांग.”

मग मोठी ड्रॉइंग शीट आणली, खोलीत जमिनीवर पसरली आणि लाल-निळ्या स्केचपेनने हृदय काढलं. व्हेना कॅव्हा, उजवं अलिंद, ट्रायकस्पिड झडप, उजवं निलय, पल्मनरी आर्टरी, फुप्फुस, पल्मनरी व्हेन्स, डावं अलिंद, मायट्रल, डावं निलय, एओर्टा. नाव घेताना बोट तिथे असलंच पाहिजे, हा नियम. पल्मनरी आर्टरीपाशी थांबावं लागतं, कारण ती आर्टरी असून निळी. हृदयापासून दूर नेते ती आर्टरी, मग आतलं रक्त शुद्ध असो की अशुद्ध, हे हातानेच निळा रंग भरल्यावर पुन्हा कधी विसरलं नाही. पुढे अँजिओग्राफीचे रिपोर्ट आले तेव्हा याचा खरा उपयोग कळला. कॅथेटर मनगटातल्या रेडियलमधून आत जातो, दंडातली ब्रेकियल, काखेतली अ‍ॅक्झिलरी, गळपट्टीच्या हाडाखालची सबक्लेव्हियन, मग एओर्टा आणि तिथून कोरोनरीच्या, म्हणजे हृदयालाच रक्त देणाऱ्या वाहिन्यांच्या, तोंडाशी. मार्ग माहीत असला की रिपोर्टमधलं पुढचं नाव काय येणार याचा अंदाज आधीच येतो. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्त फिरून परत येतं हे मांडलं, तेव्हा धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केशवाहिन्या त्याला दिसलेल्या नव्हत्या. त्या मॅल्पिघीने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. म्हणजे आधी मार्ग कळला, मधला दुवा नंतर सापडला. मला हे फार धीर देणारं वाटतं.

लसिका संस्थेला क्लासमध्ये सगळ्यात कमी वेळ मिळतो. आयसीडीत, म्हणजे आजारांच्या कोडांच्या पुस्तकात, तिला स्वतःचं प्रकरणही नाही, लिम्फच्या वाहिन्या आणि गाठी मुख्यतः रक्ताभिसरणाच्या ‘आय’ कोडांत बसवल्या आहेत. मला मात्र ती सगळ्यात लवकर जवळची वाटली, कारण मी पूर्व विदर्भातली. आमच्याकडे हत्तीरोग पुस्तकातला नाही. लहानपणी रात्री आरोग्य विभागाची माणसं बोटाला टोचून रक्त घ्यायला यायची. रात्रीच का, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. फायलेरियाचा प्रौढ जंत राहतो लिम्फच्या वाहिन्यांत. त्याची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रात्री अंगावरच्या रक्तात उतरतात, कारण क्यूलेक्स डास रात्री चावतो. एका रोगात दोन संस्था अशा गुंतलेल्या. वाहिन्या निकामी झाल्या की लिम्फ परत जात नाही आणि पाय सुजत जातो : लिम्फेडिमा. वाहिनीचा दाह तो लिम्फँजायटिस, गाठीचा दाह तो लिम्फॅडेनायटिस. हा दुसरा तर आजीच्या तोंडी रोजचा होता. पायाला काटा रुतून जांघेत गाठ आली की ती म्हणायची, “अवधाण आलं गं, पाय शेकून घे.” इंग्वायनल लिम्फॅडेनायटिस वाचलं की मला आजही आधी आजीच आठवते.

इथेही मार्गच कामी आला. दोन्ही पाय, पोट आणि शरीराची डावी बाजू यांचं लिम्फ थोरॅसिक डक्टमधून, म्हणजे छातीतल्या मुख्य लसिकावाहिनीतून, वर चढतं आणि मानेच्या डाव्या मुळाशी शिरेत मिळतं. जेवणातली बरीचशी चरबीसुद्धा लहान आतड्यातून थेट रक्तात न जाता याच वाटेने येते. म्हणूनच जठराच्या कॅन्सरमध्ये कधीकधी डाव्या गळपट्टीच्या हाडावर गाठ लागते, जिला व्हिरकोज् नोड म्हणतात. पोटातल्या रोगाची गाठ मानेत का, याचं उत्तर थोरॅसिक डक्ट आहे, हे समजलं त्या दिवशी मी अभ्यास थांबवून आईला फोन करून सांगितलं होतं.

तिन्ही संस्था एकत्र आल्या त्या सरावाच्या एका रिपोर्टमध्ये. पन्नाशीतला पुरुष. तक्रार : हेमॅटेमेसिस आणि मेलेना, म्हणजे रक्ताची उलटी आणि डांबरासारखी काळी शी. पूर्वीचा आजार : दारूमुळे झालेला यकृताचा सिऱ्होसिस. तपासणीत स्प्लीनोमेगॅली, प्लेटलेट कमी. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या भागात फुगलेल्या शिरा, त्यांना बँड लावले. सुटे पाहिले तर हे शब्द तीन वेगवेगळ्या याद्यांतले. मार्ग लावून पाहिला तर एकच गोष्ट. आतडी आणि प्लीहेचं रक्त पोर्टल व्हेनमधून यकृतात जातं. सिऱ्होसिसने यकृत घट्ट झालं, रक्ताला आत शिरायला वाट उरली नाही, दाब वाढला. मागे तुंबून प्लीहा फुगली, तिच्यात प्लेटलेट अडकल्या. रक्ताने अन्ननलिकेच्या शिरांमधून आडवाट धरली, त्या फुगल्या आणि एक फुटली.

कोड देताना हाच क्रम लागतो. इसोफेजियल व्हॅरिसेस, म्हणजे अन्ननलिकेतल्या या फुगलेल्या शिरा, पचनाच्या ‘के’ प्रकरणात नाहीत, रक्ताभिसरणात आहेत, आय ८५ मध्ये. आणि दुसऱ्या आजारामुळे झाल्या असतील तर मूळ आजार आधी लिहा अशी स्पष्ट सूचना तिथेच आहे. म्हणून सिऱ्होसिस पहिला, रक्तस्रावासह व्हॅरिसेस त्यानंतर. प्रोसिजरला ४३२४४. गंमत म्हणजे मूळव्याध, तीही फुगलेल्या शिरांचीच, पण आयसीडी १० मध्ये ती पचनात गेली, के ६४ खाली. असे अपवाद समजून पाठच करावे लागतात, त्यांना मार्ग नाही.

सीपीसी म्हणजे सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर, त्याची परीक्षा १०० प्रश्नांची, ४ तासांची, पास व्हायला ७० टक्के. कोडची पुस्तकं सोबत ठेवता येतात, पण एका प्रश्नाला अडीच मिनिटंही मिळत नाहीत, त्यामुळे टर्म शोधत बसायला सवड नसते. पुस्तकात रंगीत टॅग लावले होते खरे, पण पचनाच्या प्रश्नांत त्यांना फारसा हात लावावा लागला नाही. एंडोस्कोप कुठवर गेला हे वाचलं की झालं : अन्ननलिकेतच थांबला तर एक गट, ड्युओडेनमपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पोचला तर दुसरा.

पास झाले आणि गॅस्ट्रोच्या टीममध्ये लागले. नव्या मुलींना मी ड्रॉइंग शीट आणायला सांगते आणि रोज एक पूर्ण ऑपरेशन नोट मोठ्याने वाचायला लावते, नुसतं निदान नव्हे. डॉक्टरने काय पाहिलं आणि हात कुठे फिरवला ते त्या मधल्या परिच्छेदात असतं. आता मी इंटरव्हेन्शनल कार्डिऑलॉजीसाठी नाव दिलंय. तिथे कोरोनरीच्या मुख्य वाहिन्यांना वेगवेगळे मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची दोन अक्षरं, आहेत, एलएम, एलडी, एलसी, आरसी, आरआय, आणि स्टेंट कोणत्या वाहिनीत बसवला ते त्यांवरून कळतं. सध्या रात्री जेवण झाल्यावर तेच घेऊन बसते.