परवानगी विचारणारी खिडकी बंद करावी का?

गेल्या महिन्यात अमळनेरच्या घरी नवा संगणक आला. तो मांडून होतो न होतो तोच दादांनी मागणी केली, की प्रोग्रॅम बसवताना वगैरे स्क्रीन काळवंडून ‘हो की नाही’ विचारणारी विंडोजची ती खिडकी (इंग्रजीत ‘यूजर अकाउंट कंट्रोल’) कायमची बंद करून दे. दादांचे खते-बियाण्यांचे दुकान आहे. हिशेब ते रात्री घरी बसून लिहितात, आणि दिवसा त्याच संगणकावर पुतण्या अभ्यास करतो आणि खेळतोही. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून दमलेल्या माणसाला रात्री यंत्रानेही प्रश्न विचारावेत, हे त्यांना जाचते आणि त्यांचा वैताग मला पटतोही. तरीही मी ती खिडकी बंद केली नाही. त्यामागची कारणे सविस्तर लिहावीशी वाटली, कारण ही मागणी घरोघरी होते आणि दुरुस्तीला येणारी मुले ती मिनिटाभरात पुरी करून जातात.

आमच्याच घरी हे एकदा घडले आहे. जुना संगणक विंडोज ७ चा होता. आषाढातल्या एका संध्याकाळी प्रिंटर बसवायला आलेल्या मुलाने, ती खिडकी दोन-तीनदा आडवी आली म्हणून, तिची सेटिंग्जमधली सरकपट्टी (ती किती वेळा यावी हे ठरवणारी) पार तळाला, म्हणजे ‘कधीच नको’वर, ओढली आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. रात्री दादांनी हिशेबाचा प्रोग्रॅम उघडला, तर उधारीची यादी कोरी. पेरणीच्या तोंडावर दिलेल्या बियाण्यांच्या पाकिटांची आणि खताच्या गोण्यांची सगळी नावे नाहीशी झालेली. प्रोग्रॅम नुकताच विकत आणल्यासारखा दुकानाचे नाव विचारत होता. आई आतून म्हणाली, “काय व्हयनं रे?” दादा उत्तर न देता नुसता माऊस फिरवत राहिले.

नोंदी कुठेही गेलेल्या नव्हत्या. तो प्रोग्रॅम जुन्या वळणाचा होता आणि स्वतःच्या नोंदी ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरातच लिहू पाहत असे. परवानगीची व्यवस्था चालू असताना विंडोज अशा जुन्या प्रोग्रॅमला तिथे लिहू देत नाही. पण तो अडून बसू नये म्हणून त्याचे लिखाण गुपचूप वापरणाऱ्याच्या खात्यातल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या, सहसा न दिसणाऱ्या फोल्डरात वळवते आणि वाचतानाही तिथूनच वाचून दाखवते. व्यवस्था बंद होताच हे वळवणेही थांबले आणि प्रोग्रॅम मूळ जागी जाऊन पहिल्या दिवशीची कोरी फाइल उघडू लागला. हे उमगायला मला रात्रीचे दोन वाजले. सरकपट्टी जागेवर नेऊन संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा सगळी उधारी जशीच्या तशी परत आली. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. त्या खिडकीला आणखी काय काय जोडलेले आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

ही व्यवस्था 2007 साली विंडोज व्हिस्टाबरोबर घरोघरी आली. त्याआधी विंडोज एक्सपीच्या काळात घरातला प्रत्येक जण बहुधा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातच काम करत असे, म्हणजे आपण उघडलेल्या कोणत्याही फाइलला सगळ्या यंत्रावर आपल्याइतकाच अधिकार मिळे. आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असलो तरी रोजचे प्रोग्रॅम साध्या अधिकारांनीच चालतात, आणि यंत्राच्या मुळाशी हात घालायची वेळ आली तरच ती खिडकी येते. त्या वेळी स्क्रीन काळवंडते त्यालाही अर्थ आहे: ती खिडकी वेगळ्या, राखीव पडद्यावर उघडते, जिथे साधे प्रोग्रॅम पोहोचू शकत नाहीत, त्यामुळे एखादा लबाड प्रोग्रॅम आपल्या वतीने ‘हो’ दाबू शकत नाही. काळवंडणे तेवढे बंद करण्याची सोय सरकपट्टीत आहे, पण ती वापरली तर हे संरक्षण जाते.

व्हिस्टामध्ये ही खिडकी फार वेळा येत असे आणि लोक न वाचताच ‘हो’ दाबू लागले, हे खरे आहे. विंडोज ७ पासून तिचे येणे पुष्कळ कमी झाले. मला खरी काळजी वाटते ती या सवयीची, कारण सवयीने दाबलेले ‘हो’ आणि बंद केलेली खिडकी यांत फरक उरत नाही. शिवाय तिच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. आपले फोटो, आपली कागदपत्रे, आपला हिशेब यांना हात लावायला कोणत्याही प्रोग्रॅमला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागत नाही. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम ही खिडकी न येताही आपल्या फाइलींचा नाश करू शकतो. विंडोजने राखलेल्या जुन्या प्रती पुसायला मात्र त्याला तो अधिकार लागतो, आणि विषाणूरोधक बंद करायलाही बहुतेक वेळा लागतोच. म्हणून दादांचा हिशेब दर रविवारी पेनड्राइव्हवर उतरवून ती ड्राइव्ह काढून कपाटात ठेवायची, हे खिडकी चालू असली तरी चुकवायचे नाही, असे मी वहिनींना सांगून ठेवले आहे.

नव्या संगणकावर मी दोन प्रकारची खाती केली. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्याचा पासवर्ड फक्त वहिनींना आणि मला ठाऊक आहे. दादा आणि पुतण्या आपापल्या साध्या खात्यात काम करतात. साध्या खात्यात ती खिडकी नुसते ‘हो’ मागत नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते, त्यामुळे सवयीने बोट दाबून भागत नाही. अशा खात्यावर सरकपट्टी तळाला नेली तर विंडोज न विचारताच नकार देते, हेही दादांना दाखवले, म्हणजे बंद करून त्यांची सोय होणारच नव्हती. त्यांच्या प्रोग्रॅमचा प्रश्न सोपा निघाला: त्याच्या नोंदींचा फोल्डर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधून काढून त्यांच्या कागदपत्रांत नेला आणि प्रोग्रॅमला नवी जागा दाखवली. तेव्हापासून हिशेब लिहिताना त्यांना एकदाही काही विचारले गेलेले नाही.

पुतण्याला मी एकच गोष्ट नीट बघायला शिकवली, ती म्हणजे खिडकीचा रंग आणि त्यातले प्रकाशकाचे, म्हणजे प्रोग्रॅम बनवणाऱ्याचे, नाव. ओळख पटलेल्या प्रकाशकाची खिडकी निळी असते. पिवळी असली आणि प्रकाशक अज्ञात म्हटला असला, तर थांबायचे. निळी असली तरी, आपण आत्ता काही बसवायला घेतले होते का, हे आधी स्वतःला विचारायचे. परवा त्याचा फोन आला तो याच कामासाठी. गाण्यांची फाइल म्हणून उतरवलेल्या कशावर तरी त्याने क्लिक केले होते आणि समोर पिवळी खिडकी आली होती. गाणे वाजवायला परवानगी कशाला लागते, असे त्यानेच मला विचारले, आणि मी काही बोलायच्या आत ‘नाही’ दाबून फाइल पुसून टाकली.