पायांना टायटॅनियम, डोक्याला पोलाद: चिलखत करवून घेतानाचा माझा अनुभव

पंधराव्या शतकाच्या अखेरीला जर्मन भाषक मुलखात घडत असे, तसं पूर्ण चिलखत मापाने करवून घ्यायचं आणि ते जमेल तितकं हलकं ठेवायचं, हे मनाशी पक्कं होतं. मी चिलखत घालून लांब तलवारीचा सराव करतो. तलवार पोलादी पण बोथट असते. टोकाने खुपसण्याचे डाव असतात आणि अंगाला अंग भिडलं की सरळ कुस्ती सुरू होते. चिलखत नुसतं मिरवायला किंवा नाटकात घालायला हवं असतं तर अॅल्युमिनियमचं घेऊन मोकळा झालो असतो. मार खायचा असला की धातूचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. कारागिराने पहिल्याच बोलण्यात विचारलं तेही हेच होतं: घालून करणार काय?

जुनी चिलखतं लोकांना वाटतात तितकी जड नव्हती. रणांगणावरचं पूर्ण चिलखत साधारण २० ते २५ किलोचं असे आणि ते सगळ्या अंगावर वाटलेलं असे. सरदाराला यारीने (क्रेनने) उचलून घोड्यावर बसवतात ते दृश्य निव्वळ कल्पनेतलं आहे. बूसिको हा फ्रेंच मार्शल (मृत्यू १४२१) शिरस्त्राण सोडून बाकी सगळं चिलखत अंगावर असताना कोलांटी मारायचा, असं त्याच्या चरित्रात नोंदवलेलं आहे. मग हलक्या धातूचा सोस कशाला? त्याचं कारण पायांत आहे. लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चिलखत घालण्याची सवय असलेल्या माणसांना ३० ते ५० किलोच्या प्रतिकृती घालून ट्रेडमिलवर चालवलं होतं. चालायला लागणारी ऊर्जा दुपटीच्याही वर गेली. तेवढंच ओझं पाठीवर असतं तर इतकी दमछाक झाली नसती, कारण पायावरचं वजन प्रत्येक पावलाला उचलून पुढे न्यावं लागतं. आणखी एक गोष्ट त्यात दिसली: छाती आवळली गेल्यामुळे ती माणसं खोल श्वास न घेता उथळ आणि भराभर श्वास घेत होती.

माझा सगळा बेत या दोन निष्कर्षांवर उभा राहिला. हलकी धातू पायांना आणि हातांना. छातीचा पत्रा टायटॅनियमचा चालेल, पण तिथे धातूपेक्षा घाट महत्त्वाचा. डोक्याला पोलादच.

डोक्याचं आधी सांगतो, कारण पहिल्यांदा चिलखत करवणारे बहुतेक जण तिथेच वजन कमी करायला जातात. शिरस्त्राणावर फटका बसतो तेव्हा त्याचं वजन तुमच्या बाजूने असतं. जड टोप त्याच फटक्याने कमी वेगाने हलतो, म्हणून आतलं डोकंही कमी हादरतं. हलका टोप फुटणार नाही कदाचित, पण मेंदूला बसणारा झटका वाढेल. मानेला थोडा जास्त भार सोसू दे, पण टोप पाणी दिलेल्या (तापवून, झटकन थंड करून कडक केलेल्या) पोलादाचाच, यावर माझं आणि कारागिराचं लगेच एकमत झालं. शिवाय शिरस्त्राणाबद्दलचे नियम अशा लढती घेणाऱ्या प्रत्येक संघटनेचे वेगळे आणि कडक असतात. पत्र्याची जाडी आणि धातू यांची अट ऑर्डर देण्याआधी लेखी स्वरूपात हातात असावी.

आता आकडे. पोलादाची घनता ७.८५, टायटॅनियमची साधारण ४.५ आणि अॅल्युमिनियमची २.७. म्हणजे त्याच जाडीचा टायटॅनियमचा पत्रा पोलादापेक्षा ४३ टक्के हलका. जाहिरातीत हाच आकडा असतो. पण टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम निम्मा आहे. तोच पत्रा वाकायला तितकाच ताठ हवा असेल तर जाडी सव्वापट करावी लागते: १ मिलिमीटर पोलादाच्या जागी १.२ मिलिमीटर टायटॅनियम. मग प्रत्यक्षातली बचत ३० टक्क्यांच्या आसपास उरते. तीही पुष्कळ आहे, पण ठरवताना हाच आकडा धरावा.

याच हिशोबात अॅल्युमिनियम खरं तर जास्त हलकं पडतं. तेवढ्याच ताठपणाला पोलादाच्या निम्म्या वजनात काम होतं. पण ते मऊ आहे. पोलादी तलवारीचा प्रत्येक घाव त्यावर खोलगट खूण ठेवतो. पोचे ठोकून सरळ करावेत तर धातू कडक होत जाते आणि एक दिवस कडेला चीर पडते. ६०६१-टी६ सारखा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू लहान वळणात वाकवताना मुळातच तडकतो, त्यासाठी तो आधी तापवून मऊ करावा लागतो आणि मऊ केला की त्याची ताकद गेली. कपड्यांवर उमटणारे काळपट डाग वेगळेच. फटके खाणाऱ्या एकाही भागात मी अॅल्युमिनियम येऊ दिलं नाही.

शैली निवडतानाही ताठपणाचाच विचार केला. माझ्या मनात दोन नमुने होते. एक मिलानचा, गुळगुळीत गोलाईचा. दुसरा जर्मन गॉथिक, ज्याच्या पत्र्यावर पंख्याच्या घड्यांसारख्या पन्हळ्या उमटवलेल्या असतात. व्हिएन्नाच्या संग्रहालयात टायरोलचा आर्चड्यूक सिगिस्मुंड याचं, आउग्सबुर्गच्या लोरेन्झ हेल्मश्मीडने साधारण १४८४ मध्ये घडवलेलं चिलखत आहे. त्याची छायाचित्रं मी कितीतरी वेळ बघत बसायचो. त्या पन्हळ्यांना माणसं नक्षी समजतात, पण त्यामुळे पातळ पत्र्याला जाडी न वाढवता ताठपणा येतो. टायटॅनियममध्ये नेमकी हीच उणीव असते. पाचशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी पोलादाचं वजन वाचवायला काढलेली युक्ती आजच्या धातूला इतकी चपखल बसावी, याचा मला अजूनही आनंद वाटतो.

मापं घेण्याच्या टप्प्याला मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो द्यायलाच हवा. माप उघड्या अंगावरून घ्यायचं नाही. आधी आत घालायचा शिवलेला, अस्तराचा अंगरखा, म्हणजे आर्मिंग डब्लेट, पूर्ण तयार पाहिजे. तो नंतर बदलला की सगळी मापं बदलली. पायाचं चिलखत याच अंगरख्याला नाड्यांनी बांधलं जातं, म्हणून तो कंबरेला घट्ट बसलेला हवा. सैल असेल तर पायांचं सगळं वजन खांद्यांवर ओढलं जातं आणि टायटॅनियमने वाचवलेलं वजन परत तिथेच जाणवतं.

कंबर म्हणजे पँटचा पट्टा येतो ती जागा नव्हे. बरगड्या संपतात आणि नितंबाचं हाड सुरू होतं त्यांच्या मधली, बाजूला वाकलं की घडी पडते ती जागा. छातीचा पत्रा तिथेच संपतो. तो दोन बोटं जरी खाली गेला तरी पुढे वाकता येत नाही आणि बसलं की पत्रा वर सरकून गळ्याला टोचतो. धडासाठी कारागिराने जुन्या शर्टावरून सगळ्या अंगाला चिकटपट्टी गुंडाळून घ्यायला सांगितली. पाठीकडून कापून तो साचा काढला, त्यात भर भरली आणि तयार झालेला पुतळा कारखान्यात राहिला. नडगी आणि पोटरीचे मात्र प्लास्टरचे साचे घेतले. या भागाचं चिलखत, ग्रीव्ह, कातडीसारखं चिकटून बसावं लागतं. पोटरी आतून आणि बाहेरून सारखी नसते, डावी-उजवीही सारखी नसते, आणि घोट्याच्या हाडावर पत्रा जराही टेकला तर काही पावलांतच कातडी सोलते. फितीने घेतलेल्या मापावर केलेला ग्रीव्ह कुणी देऊ केला तर मी घेणार नाही.

छातीच्या घाटाबद्दल मी एकच मागणी लावून धरली: पूर्ण श्वास भरून माप. पत्रा छातीपासून सुटा, घुमटासारखा फुगीर राहिला पाहिजे आणि त्याचा भार कंबरेवर उतरला पाहिजे. खांद्याचे पट्टे फक्त तोल सांभाळायला.

टायटॅनियम कुठल्या प्रतीचं, हेही करारात लिहून घेतलं. ग्रेड २ म्हणजे जवळपास शुद्ध टायटॅनियम. ते थंड असतानाही ठोकता येतं, अधूनमधून तापवून मऊ करावं लागतं. ग्रेड ५ मध्ये ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. ते खूपच मजबूत आणि स्प्रिंगसारखं लवचिक, पण थंड ठोकलं की परत आपल्या जागी उसळतं, म्हणून तापवूनच घडवावं लागतं. आणि लालबुंद तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागात ओढून घेतं. त्यामुळे वर एक कडक, ठिसूळ थर तयार होतो. तो घासून किंवा आम्लाने काढला नाही तर पुढे भेगा तिथूनच सुरू होतात. आम्ही गुडघा, कोपर आणि छातीसाठी ग्रेड ५ घेतलं, बाकी मांडी, नडगी आणि दंडासाठी ग्रेड २. धातूचं प्रमाणपत्र मागून घेतलं. ते मागण्यात संकोच करू नये. चांगला कारागीर स्वतःहून दाखवतो. घासताना पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडतात आणि चुंबक चिकटत नाही, एवढी खूण आपल्यालाही पाहता येते, पण त्यावरून प्रत कळत नाही.

कच्च्या जुळणीला स्वतः जाणं मला अत्यावश्यक वाटतं. त्या वेळी पॉलिश झालेलं नसतं, सांध्यांवरच्या पत्र्याच्या पट्ट्या कायमच्या रिव्हेटऐवजी नट-बोल्टने जोडलेल्या असतात, म्हणून काहीही बदलता येतं. मी ते घालून उकिडवा बसलो, जमिनीवर आडवा होऊन उठलो, तलवार डोक्यावर नेली, दोन्ही हात छातीसमोर कोपरापर्यंत एकमेकांवर आणले. खांद्याचा पत्रा छातीच्या पत्र्यावर अडकत होता. कारागिरांनी खडूने खूण करून तिथली कड कापली आणि नव्याने वळवली. गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या रिव्हेटची भोकंही तेव्हाच थोडी सरकवली. गुडघा पूर्ण वाकवल्यावर पट्ट्यांमध्ये फट पडता कामा नये, कारण तलवारीचं टोक नेमकं तिथे शिरतं.

टायटॅनियमच्या दोन खोडी इथे सांगायलाच हव्यात. टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की ते एकमेकांना ओरबाडतं आणि कधी कधी चिकटून बसतं. एकमेकांखाली सरकणाऱ्या पट्ट्यांमध्ये म्हणून पातळ चामड्याच्या चकत्या घातल्या. दुसरी खोड रिव्हेटची. साधं पोलाद टायटॅनियमला चिकटून घामात भिजलं की पोलाद आधी गंजतं. पत्रा जन्मभर लखलखीत आणि रिव्हेटभोवती तांबूस ओघळ, असं होऊ नये म्हणून सगळे रिव्हेट स्टेनलेस पोलादाचे घेतले. चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं घेतलं.

रंगातही फरक पडतो. टायटॅनियम जरा गडद, किंचित उबदार करड्या छटेचं असतं. आरशासारखं पॉलिश केलं तर पोलादी टोप आणि टायटॅनियमची छाती शेजारी शेजारी वेगळी दिसतात. दोन्हींना एकाच दिशेने घासलेलं मंद, रेशमी पॉलिश दिलं की काही पावलांवरून फरक कळत नाही. मला तेच आवडतं.

तयार झाल्यावर एका पायाचं चिलखत अडीच किलोच्या आत बसलं. त्याच घाटाचं पोलादी साडेतीनच्या आसपास गेलं असतं. फरक उभं राहिल्यावर फारसा जाणवत नाही, सरावाच्या उत्तरार्धात जाणवतो. पाऊल उशिरा पडत नाही. उकाडा मात्र तेवढाच राहतो. तो धातूचा नसून आतल्या कापसाचा आणि अस्तराचा असतो, त्यामुळे हलक्या धातूने गार वाटेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. चिलखत चढवण्याची रीत पंधराव्या शतकातल्या एका इंग्रजी हस्तलिखितात सविस्तर दिलेली आहे. पावलांपासून सुरुवात आणि क्रमाने वर, आत सॅटिनच्या अस्तराचा, भोकं पाडलेला अंगरखा. मी तोच क्रम पाळतो. पायाच्या नाड्या बांधायला मदतनीस लागतो, नंतरचं बरंचसं एकट्याने जमतं.

दस्ताने मी अजून घेतलेले नाहीत, ते आता होताहेत. बोटांच्या पट्ट्या पाणी दिलेल्या स्प्रिंग स्टीलच्या ठरवल्या आहेत. तिथे तलवारीचा घाव थेट बसतो आणि खाली हाडाशिवाय काही नसतं. मनगटावरचा लांब भाग टायटॅनियमचा. मापं मोकळ्या पंजाची आणि मूठ आवळलेल्या पंजाची, दोन्ही दिली आहेत, आणि अंगठ्याचं माप तलवारीची मूठ हातात धरूनच घेतलं आहे.