पंप आपोआप, बझर मुद्दाम

शनिवार, रात्री

आज अखेर बोटीच्या तळात साचणारं पाणी उपसायचा पंप बसला. उद्यमबागेत मेहुण्याच्या शेडसमोर आमची २२ फुटी जुनी शिडाची बोट ट्रेलरवर उभी आहे. नारळी पौर्णिमा झाली की चोर्ला घाटाने परत गोव्याला. ताडपत्री मी मुद्दामच काढून टाकलीय. डेकवरचा कुठला बोल्ट गळतो, हे बेळगावचा आषाढ फुकटात दाखवतो.

हाताला आले ते मोटरी बांधणारे मिस्त्री. समुद्र फक्त कारवारला बघितलाय, खरं पंप बघून म्हणाले, "हे बोअरच्या मोटरीपेक्षा सोपं हाय की. वायर तेवढी बारीक घेतलासा." बरोबर बोलले. १२ व्होल्टला लांब बारीक वायर टाकली की व्होल्टेज वाटेतच पडतं. जाड वायर आणली, तीही कल्हई केलेल्या तांब्याची. साधं तांबं खारट हवेत काळं पडतं. जोड सगळे तळापासून वर घेतले.

पाणी चढलं की तरंगून वर येणारा आणि पंप आपोआप चालू करणारा तो फ्लोट स्विच. त्याची वायर मेन स्विचमधून न घेता थेट बॅटरीवरून घेतली, बॅटरीजवळच वेगळा फ्यूज देऊन. आपण मेन बंद करून घरी येणार आणि बोट तिकडे एकटी पावसात, तेव्हाच तर या पंपाचं काम. हाताने चालू करायचा स्विच वेगळा ठेवलाय.

दुपार खाल्ली ती पाइपाने. शिडाची बोट वाऱ्यात कलते, म्हणून पाणी बाहेर पडायचं भोक कललेल्या बाजूलाही पाण्याच्या वरच राहायला हवं, नाहीतर त्याच वाटेने समुद्र आत. म्हणून ते मागच्या फळीवर मध्यभागी, उंचावर घेतलं. आता पाइप झाला तीन मीटर. पंप थांबला की त्यातलं दीडदोन लिटर पाणी परत तळात उतरायचं, फ्लोट उचलायचा, पंप पुन्हा सुरू. असंच चाललं तर बॅटरी रात्रीत आटेल. मिस्त्री म्हणाले, पाणी परत येऊ न देणारा व्हॉल्व्ह टाकू. मी नको म्हटलं. कचरा अडकून तो चिकटला तर पंप नुसता गुरगुरत बसणार. फ्लोटच थोडा वर सरकवला, मग थांबलं.

बाकी खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नये. त्यावर तासाला ११०० गॅलन, म्हणजे ४१०० लिटरच्या वर. इथे मीटरभर उंचीवर २० लिटरची बादली भरायला अर्धा मिनिट लागला, म्हणजे २४०० च्या आसपास. पावसाच्या पाण्याला पुष्कळ झालं. पण पाण्याखाली फूटभर खोल इंचभराचं भोक पडलं, तर मिनिटाला निदान चाळीसेक लिटर आत येतं. तिथे हा पंप जेमतेम बरोबरी करेल, तीही बॅटरी आहे तोवर. बॅटरीच्या ६० अँपिअर-तासांतले निम्मेच वापरायचे, पंप ओढतो ४ अँपिअर. म्हणजे साडेसात तास.

मिस्त्री जाताना म्हणाले, "आता बघायला नको, निवांत झोपा." मला नेमकी तीच धास्ती. पंप गुपचूप पाणी फेकत राहिला, तर गळती वाढलेली कळणार कशी? म्हणून पंपाच्या वायरीवर दिवा आणि बझर जोडतोय. मेहुणा हसतोय, गोव्यात शेजारच्या बोटवाल्यांची झोपमोड होईल म्हणून. होऊ दे; फोन तरी करतील.

बझरची वायर ओढायची राहिलीय. आणि पुढच्या कठड्याचे दोन बोल्ट गळतायत, ते काढून सीलंट भरायचं. त्याला एक कोरडा दिवस पाहिजे. या महिन्यात तो कुठला मिळायला!