युनिकॉर्नचे खूर : वाचनाच्या नोंदवहीचा तिसरा टप्पा

युनिकॉर्न असलेल्या कथा आणि बालपुस्तके क्रमाने वाचून त्यांच्या नोंदी ठेवण्याच्या माझ्या उपक्रमाचा तिसरा टप्पा गेल्या महिन्यात पूर्ण झाला. नोंदवहीत आता ४३ नोंदी आहेत. पहिल्या दोन टप्प्यांत मी प्रत्येक पुस्तकासाठी चार रकाने भरत असे: शिंगाचा रंग, शिंगाचा गुण, युनिकॉर्नला कोण पकडते आणि शेवटी त्याचे काय होते. या वेळी खुरांचा पाचवा रकाना वाढवला. त्यासाठी आधी वाचून झालेली २६ पुस्तके पुन्हा उघडावी लागली आणि ठरवलेले वेळापत्रक पार कोलमडले; तरीही आजवरच्या वाचनातला सर्वांत बोलका रकाना हाच आहे, असे माझे मत झाले आहे.

हा रकाना माझ्या सहा वर्षांच्या भाचीमुळे आला. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात युनिकॉर्नच्या शिकारीचे सात विणलेले भित्तिपट आहेत. ते साधारण १४९५ ते १५०५ या काळातले असून १९३७ मध्ये रॉकफेलर यांनी ते संग्रहालयाला दिले. त्यांतला बंदिस्त युनिकॉर्नचा पट सर्वांच्या परिचयाचा आहे आणि त्याची छापील प्रत माझ्या टेबलासमोर कित्येक वर्षे लावलेली आहे. भाची खुर्चीवर उभी राहून ती प्रत बराच वेळ न्याहाळत होती. मग म्हणाली, "मावशी, हा घोडा नाहीये. ह्याचे पाय आपल्या गावच्या शेळीसारखे आहेत." मी जवळ जाऊन पाहिले. फुलांनी गच्च भरलेल्या गर्द हिरव्या भूमीवर एक बुटके गोल कुंपण आहे, आत तो पांढराशुभ्र प्राणी बसलेला आहे, गळ्यातला पट्टा साखळीने डाळिंबाच्या झाडाला बांधलेला आहे, अंगावर लाल ओघळ आहेत, आणि ते जखमांचे नसून वरच्या फळांतून ठिबकलेल्या रसाचे आहेत, असे मानले जाते. हे सारे मला पाठ होते. परंतु पोटाजवळ दुमडलेल्या पायांची टोके स्पष्ट दुभंगलेली आहेत आणि हनुवटीखाली बोकडासारखी दाढी आहे, या दोन गोष्टी मी एकत्र अशा कधी पाहिल्याच नव्हत्या. पॅरिसच्या क्ल्यूनी संग्रहालयातल्या, साधारण १५०० सालच्या सहा भित्तिपटांची छायाचित्रे काढून पडताळा घेतला, तर तिथेही तेच खूर आणि तीच दाढी.

मग मूळ ग्रंथांकडे वळले. खुरांचा प्रश्न फार जुना निघाला. युनिकॉर्नचे युरोपातले सर्वांत जुने वर्णन इसवी सनपूर्व ४०० च्या सुमाराचे आहे. इराणच्या दरबारात वैद्य असलेल्या क्टेसियस या ग्रीकाने ते भारताविषयीच्या आपल्या ग्रंथात केले. तो स्वतः भारतात आलेला नव्हता. त्याने सांगितलेला प्राणी म्हणजे भारतातला रानगाढव: अंग पांढरे, डोके गडद लाल, डोळे निळे, आणि कपाळावर सुमारे हातभर लांबीचे, बुडाशी पांढरे, मध्ये काळे व टोकाला लालभडक असे शिंग. त्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्याला विष बाधत नाही, असेही तो सांगतो. मराठीत 'एकशिंगी' म्हटले की पहिल्यांदा गेंडा आठवतो, आणि ते योग्यच आहे. या वर्णनात गेंड्याविषयीच्या ऐकीव गोष्टी मिसळल्या आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पुढच्याच शतकात अॅरिस्टॉटलने एकशिंगी प्राण्यांची विभागणी खुरांवरून केली, हे वाचून मला झालेला आनंद मी इथे लपवणार नाही. त्याच्या मते भारतीय गाढव एकशिंगी असून त्याचा खूर अखंड असतो, तर ओरिक्स हा हरणाच्या जातीचा प्राणी एकशिंगी असून त्याचा खूर दुभंगलेला असतो. त्यावर तो कारणही देतो. खूर आणि शिंग एकाच द्रव्याचे असतात, त्यामुळे ज्याचा खूर अखंड त्याचे शिंगही एकच असावे, हे अधिक सयुक्तिक होय. पुढच्या चित्रकारांनी मात्र नेमका उलटा, दुभंगलेल्या खुरांचा युनिकॉर्न पसंत केला. त्याचे कारण बहुधा 'फिजिओलोगस' या प्राचीन ख्रिस्ती प्राणिग्रंथात आहे. त्यात युनिकॉर्न हा शेळीच्या करडासारखा लहानसा, पण विलक्षण उग्र प्राणी आहे; शिकाऱ्यांच्या हाती तो लागत नाही, मात्र एखादी कुमारिका रानात बसवली की आपण होऊन तिच्याजवळ येतो आणि तिथेच पकडला जातो. शेळीचा हा अंश घोड्याच्या देहात दाढी आणि खूर या रूपांनी टिकून राहिला, असा माझा तर्क आहे.

कुमारिकेची ही कथा मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही. महाभारताच्या वनपर्वातला ऋष्यशृंग हरिणीच्या पोटी जन्मला, त्याच्या मस्तकावर शिंग आहे, अरण्यात वाढल्यामुळे त्याने स्त्री कधी पाहिलेली नाही, आणि अंगदेशात पाऊस पडावा म्हणून लोमपाद राजाने पाठवलेली तरुणी त्याला नौकेवर रचलेल्या आश्रमात भुलवून नेते. बौद्ध 'महावस्तू'त त्याचेच नाव एकशृंग असे आहे. ही कथा आणि युनिकॉर्नच्या शिकारीची कथा यांचा संबंध अनेक अभ्यासकांनी जोडला आहे. हीच कथा पुढे जपानच्या नो नाटकात 'इक्काकू सेन्निन', म्हणजे एकशिंगी तपस्वी, म्हणून गेली. नोंदवहीत ऋष्यशृंगाला मी स्वतंत्र पान दिले आहे. त्याच्या खुरांचा रकाना रिकामा ठेवला, कारण तो सर्वांगाने माणूसच आहे.

आता बालसाहित्याकडे येते. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातल्या शूर शिंप्याच्या गोष्टीत युनिकॉर्न हा केवळ धोकादायक पशू आहे: शिंपी झाडाआड उडी घेतो, शिंग बुंध्यात रुतते, मग तो दोरी गळ्यात अडकवून, कुऱ्हाडीने शिंग मोकळे करून त्याला राजाकडे घेऊन जातो. इथे कुमारिका नाही, पावित्र्य नाही आणि खुरांविषयी अवाक्षर नाही. लुईस कॅरलच्या १८७१ च्या अॅलिसच्या दुसऱ्या पुस्तकात स्कॉटलंडच्या राजचिन्हावरचा युनिकॉर्न इंग्लंडच्या सिंहाशी भांडतो. तो दोन्ही हात खिशात घालून फिरतो, त्यामुळे माझ्या रकान्यात 'खुरांऐवजी हात' अशी नोंद आहे. तो अॅलिसला पाहून थबकतो, कारण मुले ही काल्पनिक असतात असा त्याचा आजवरचा समज असतो. मग तू माझ्यावर विश्वास ठेव, मी तुझ्यावर ठेवतो, असा करार दोघांत होतो. या दोन ओळींवर नंतरची किती चित्रपुस्तके उभी आहेत, हे मोजायला घेतले तर वेगळी वही लागेल.

टी. एच. व्हाइट यांच्या आर्थर राजाच्या कादंबरीतले प्रकरण मी दोन बैठकींत वाचले, कारण एका बैठकीत ते सोसवले नाही. ऑर्कनीचे चार राजपुत्र आईला खूश करण्यासाठी स्वयंपाकघरातल्या मोलकरणीला रानात नेऊन झाडाला बांधतात. युनिकॉर्न येतो, तिच्या मांडीवर डोके ठेवतो आणि मुले त्याला मारतात. मध्ययुगीन शिकारीची सगळी सजावट बाजूला करून तिच्यातली क्रूरता इतकी उघडी करणारे दुसरे लेखन माझ्या नोंदींत नाही. हे मात्र लहान मुलांना वाचून दाखवू नये.

या टप्प्यातले सर्वोत्तम पुस्तक म्हणजे पीटर बीगल यांची १९६८ ची 'द लास्ट युनिकॉर्न'. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की लेखक दुसऱ्याच परिच्छेदात खुरांचा प्रश्न निकालात काढतो: ही मादी शिंग लावलेल्या घोड्यासारखी मुळीच दिसत नाही, तिची चण लहान आहे आणि तिचे खूर दुभंगलेले आहेत. हा तपशील केवळ शोभेचा नाही. पुढे रस्त्यात भेटणारी माणसे तिला पांढरी घोडी समजतात, कारण त्यांना युनिकॉर्न ओळखताच येईनासा झालेला असतो. घोड्याहून वेगळे असे तिचे रूप आधीच मनात ठसलेले असल्यामुळे त्या माणसांचे न पाहणे वाचकाला टोचते. मॉली ग्रू ही दमलेली, मध्यमवयीन बाई मात्र तिला पाहताक्षणी ओळखते आणि तू माझ्याकडे इतक्या उशिरा का आलीस, म्हणून संतापते. कुमारिकेच्या जुन्या कथेला इतके करुण आणि इतके न्याय्य उत्तर मी अन्यत्र वाचलेले नाही.

अलीकडच्या चित्रपुस्तकांत बहुतेक ठिकाणी खूर अखंड, दाढी गायब आणि आयाळ सप्तरंगी, असा गुबगुबीत शिंगरूच दिसतो. रंगांना माझा आक्षेप नाही. भाचीला ते मनापासून आवडतात. परंतु दाढी आणि खूर गेले की त्या प्राण्यातला रानटीपणाही जातो, आणि तो कुणाच्याही हाती लागेल असा वाटू लागतो, ही हानी मला मोठी वाटते. एका रात्री भाचीने विचारले, "बाळ असतं तेव्हा पण त्याला शिंग असतं?" तिला हॅरी पॉटरच्या चौथ्या भागातला धडा सांगितला: पिल्लू सोनेरी असते, दोन वर्षांचे झाले की चंदेरी होते, चौथ्या वर्षाच्या सुमारास शिंग फुटते आणि सातव्या वर्षी ते पांढरेशुभ्र होते. तिने बोटांवर स्वतःचे वय मोजले आणि आपल्याला शिंग फुटून दोन वर्षे झाली, असे ठरवून झोपी गेली.

चौथ्या टप्प्यासाठी सहावा रकाना आखून ठेवला आहे, तो शिंगावरच्या पिळाचा. क्टेसियसच्या तिरंगी शिंगाला पिळाचा उल्लेख नाही. पांढरे, पिळदार शिंग आले ते उत्तरेकडच्या समुद्रातल्या नारव्हाल या देवमाशाच्या सुळ्यावरून. तो त्याचा डावा दात असतो. शिंग म्हणून विकली जाणारी वस्तू हा सुळाच आहे, हे डेन्मार्कच्या ओले वुर्म यांनी १६३८ मध्ये दाखवून दिले. या सुळ्याचा पीळ नेहमी डावाच असतो: टोक वर धरले, तर समोरच्या कंगोऱ्या खालून उजवीकडून वर डावीकडे चढत जातात. पुस्तकांतल्या चित्रकारांनी तो कोणत्या बाजूला फिरवला आहे, हे आता भिंग घेऊन पाहायचे आहे. सुरुवात टेबलासमोरच्या प्रतीपासून करणार आहे.