काटा पाण्याचा, दुखणं ठिणगीचं

माझी जुनी गाडी म्हणजे चार सिलिंडर, पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा कार्ब्युरेटर आणि सिलिंडरना ठिणगी वाटणारा पॉइंट-कंडेन्सरवाला डिस्ट्रिब्युटर (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, कंडेन्सर त्यांना जळण्यापासून वाचवतो). तिच्या दोन तक्रारी होत्या. मोकळ्या रस्त्यावर एका लयीत जाताना बारीक झटके देत मिसिंग करायची, म्हणजे मधेच एखादा सिलिंडर पेटायचा चुकायचा, आणि तेव्हाच तापमानाचा काटा वर सरकायचा. गर्दीत रांगताना मात्र काटा जागच्या जागी.

उभी गाडी तापली तर संशय पंख्यावर आणि बेल्टवर जातो. वेगात हवा आपसूक मिळते. तरीही तापत असेल तर रेडिएटरमधून पाणी नीट फिरत नाही, नाहीतर इंजिनच जादा उष्णता ओततंय.

ज्याला विचारावं तो रेडिएटर बदलायला सांगायचा. म्हणून पाण्याची बाजू आधी निकालात काढली. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगला आणि शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवलं. त्यावर 82 कोरलंय, त्याच सुमाराला तो उघडू लागला. गरम रेडिएटरच्या जाळीवरून इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला. नळ्या चोंदल्या असत्या तर मधेमधे थंड पट्टे लागले असते, ते लागले नाहीत. झाकणाचं रबरही शाबूत होतं. ते बघायचंच, कारण दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊन उकळतं आणि झाकण ढिलं असेल तर ती सवलत जाते. खरी धास्ती हेड गॅसकेटची, म्हणजे सिलिंडर आणि वरच्या हेडमधल्या पातळ सीलची होती. पण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही सिलिंडरला 130 ते 140 पीएसआयच्या दरम्यान आलं. शेजारशेजारचे दोन एकदम पडले असते तर गॅसकेट त्यांच्यामधेच गेलंय असं धरलं असतं.

मग ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग काढले. चारही पांढुरके. तपकिरी रंगाऐवजी हा रंग दिसला की मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त असा अंदाज बांधतात. इथे कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मोठा घालायचा मोह होतो, पण हवा दुसरीकडून घुसत असेल तर जेटने फक्त लक्षण झाकलं जातं. मी डिस्ट्रिब्युटरकडे वळलो.

डिस्ट्रिब्युटरवर व्हॅक्युम अॅडव्हान्स असतो, इंजिनच्या ओढीने पडदा हलवून ठिणगी लवकर आणणारी डबी. तिची नळी कार्ब्युरेटरकडून सोडवली आणि तोंडाने ओढली. आत पडदा धड असेल तर पॉइंटची प्लेट हलते आणि जीभ टेकवून धरली की तशीच राहते. माझ्या तोंडात नुसती हवा आली, प्लेट ढिम्म. पडदा फाटला होता. एकाच वेगात जाताना, अॅक्सिलरेटर अर्धवट दाबलेला असताना, याच वाटेने इंजिन हवा खात होतं. कार्ब्युरेटरकडचं भोक बंद करून चक्कर मारली, तर झटके जवळपास थांबले. काटा मात्र चढलाच.

म्हणजे दोन दुखणी होती, पण एकाच डब्यातली. नळी बंदच ठेवून टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीसरशी लुकलुकून ती कधी पडते ते दाखवणारी बत्ती, एक नंबरच्या सिलिंडरच्या वायरला लावली. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, खूण पुलीवर बरोबर जागी दिसत होती. नुसतं तेवढं पाहून टायमिंग ठीक आहे म्हणणारे बरेच भेटतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत नेलं, तर खूण अंगुळभरही सरकली नाही. तिथे ठिणगी पिस्टन वर पोचायच्या साधारण 30 अंश आधी पडायला हवी, ती दहाच्या आतच पडत होती.

डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर काढून प्लेट उचलली. खालची दोन वजनं जुन्या ग्रीसच्या राळेत आणि गंजात चिकटलेली, एक स्प्रिंग पिनवर घट्ट बसलेली. फेऱ्या वाढल्या की ही वजनं बाहेर फेकली जाऊन ठिणगी लवकर आणतात. ती हलली नाहीत की मिश्रण उशिरा पेटतं, पिस्टन खाली जात असतानाही जळत राहतं, आणि जी उष्णता ढकलण्याच्या कामी लागायची ती सिलिंडरच्या भिंतीतून आणि एक्झॉस्टच्या वाटेने पाण्यात उतरते. रेडिएटर बिचारा शक्य तेवढी वाहून नेतो. गाडीचा पिकअपही मंद होता, त्याचंही उत्तर यातच होतं.

वजनं पेट्रोलमध्ये धुतली, पिन पॉलिश केल्या, हलकं तेल लावलं. रोटरखाली शाफ्टच्या टोकाला नमद्याची चकती असते, तिच्यात तेलाचे दोन थेंब टाकायचे असतात. ती कोरडीठाक होती. व्हॅक्युम युनिट नवं घातलं, पॉइंटचा गॅप फिलर गेजने 0.4 मिमी ठेवला आणि टायमिंग पुन्हा लावलं. कार्ब्युरेटरच्या जेटला हात लावला नाही, तरी पुढच्या वेळी प्लग तपकिरी निघाले.

काटा आता मोकळ्या रस्त्यावरही मधोमधच राहतो. गरम असताना आयडलला अधूनमधून एखादी ठिणगी अजून चुकते. काढलेल्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसरीला टेंगूळ दिसतं, म्हणून आता कंडेन्सरवर संशय आहे. तो बदलून बघेन, पण रेडिएटर आहे तोच राहणार.