गर्डलिंगमध्ये साल काढायची, लाकूड नाही

द्राक्षवेलीच्या खोडावरून सालीची अख्खी गोल पट्टी काढली तरी वेल वाळत नाही. कारण खोडात वर जाणारा आणि खाली येणारा असे दोन वेगळे मार्ग आहेत आणि गर्डलिंगमध्ये, म्हणजे अशी पट्टी काढताना, आपण त्यातला एकच तोडतो. हे नीट समजलं नाही तर चाकू कितीही चांगला असला तरी बाग अडचणीत येते.

बाहेरची मेलेली, सुटी साल खरडून काढली की आत ओलसर, हिरवट पांढरी जिवंत साल लागते. रसवाहिन्या हिच्यातच असतात. पानांत तयार झालेली साखर त्यांतून घड, शेंडे आणि मुळं जिथे मागणी असेल तिथे जाते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये बोटाला बुळबुळीत लागणारा कॅम्बियमचा पातळ थर असतो. त्याच्या आत लाकूड आणि लाकडात जलवाहिन्या. मुळांनी घेतलेलं पाणी, नत्र, कॅल्शियम त्यांतूनच वर चढतं. पानांतून बाष्प उडतं तसा पाण्याचा सलग स्तंभ वर ओढला जातो आणि ही ओढ थेट मुळांपर्यंत पोचते. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी 95 टक्क्यांहून जास्त पाणी असंच उडून जातं.

साल काढली की साखरेची खाली जाणारी वाट बंद होते, ती वरच अडते आणि वाढत्या मण्यांच्या वाट्याला जास्त येते. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी 17व्या शतकात झाडांवर असंच वलय काढून पाहिलं, तेव्हा वलयाच्या वरची साल फुगली होती. आजही काम जमलं की नाही याची हीच खूण: काही दिवसांत जखमेचा वरचा ओठ जाड झालेला दिसतो, खालचा फारसा नाही.

थॉमसनसारख्या बिनबियांच्या खायच्या वाणांत मण्याचा आकार वाढवायचा असेल तर मणी 4 ते 5 मिमी असताना गर्डलिंग करावं. मणी मोठे झाल्यावर केलं तर आकारात फारसा फरक पडत नाही. कलमाच्या (ग्राफ्टच्या) जोडाच्या वर, गाठ नसलेली सरळ जागा निवडा. सुटी साल आधी काढा; मिलीबग (पिठ्या ढेकूण) तिच्याखालीच दडलेला असतो. मग दोन पात्यांच्या चाकूने 3 ते 4 मिमी रुंद वलय पूर्ण गोल फिरवा आणि पट्टी सोलून काढा. सालीचा बारीकसा दुवा जरी राहिला तरी साखर तिथून खाली उतरत राहते आणि मेहनत वाया जाते.

खोली हा सगळ्यात नाजूक भाग. पातं लाकडाला टेकलं की थांबायचं. पाण्याची सर्वाधिक वाहतूक लाकडाच्या सर्वांत बाहेरच्या, नव्या थरातून होते. तोच कापला गेला तर भर दुपारी पानं मलूल पडतात. पट्टी निघाल्यावर उघडं लाकूड चाकूने खरवडू किंवा फडक्याने पुसू नका. जखम भरायला लागणाऱ्या पेशी तिथेच असतात.

जखम साधारण तीन ते चार आठवड्यांत भरते. तोवर मुळं साठवलेल्या स्टार्चवर जगतात, पांढरी मुळी, म्हणजे नव्या कोवळ्या मुळांची वाढ, मंदावते. नाशिककडे डिसेंबरची थंडी कडक असली तर भरणं लांबतं, म्हणून तिथे पट्टी रुंद करण्याचा मोह टाळा. या काळात पाण्याचा ताण नको, तसा अतिरेकही नको. गर्डलिंगनंतर पानांची रंध्रं (बाष्प सोडणारी सूक्ष्म छिद्रं) काहीशी मिटतात आणि वेलीला पाणी कमी लागतं. अशक्त, कोवळ्या, सूत्रकृमी लागलेल्या किंवा क्षारपड जमिनीतल्या वेलींवर गर्डलिंग करूच नये.

कॅल्शियमचा हिशोब मात्र वेगळा आहे. तो पाण्याबरोबर वर जातो, पण रसवाहिन्यांतून जवळपास फिरतच नाही. त्यामुळे पानांवर फवारलेला कॅल्शियम पानांतच राहतो, घडात जात नाही. फवारा घडावरच बसायला हवा. मण्यांत पाणी उतरू लागलं, म्हणजे मणी मऊ पडू लागले, की मण्याकडे येणारं पाणी मुख्यतः रसवाहिन्यांतून येतं, म्हणून कॅल्शियम त्याआधीच द्यायचा. ढगाळ, दमट हवेत बाष्पीभवन कमी होतं आणि मुळांकडून येणारा कॅल्शियमही घटतो. पालाश (पोटॅशियम) याच्या उलट, दोन्ही वाटांनी फिरतो. म्हणूनच त्याची कमतरता आधी जुन्या पानांच्या कडांवर दिसते.

पाच-सहा आठवड्यांनंतरही जखम उघडीच असेल तर त्या वेलीवरचे काही घड कमी करा. वलयाच्या खाली फूट आली असेल तर ती लगेच काढू नका. तिच्या पानांतली साखर थेट मुळांना मिळते, आणि एप्रिलच्या खरड छाटणीला (घड काढल्यानंतरच्या छाटणीला) वेल फुटेल की अडखळेल हे मुळांतल्या साठ्यावरच ठरतं. अशा वेलींना खुणेची दोरी बांधून ठेवा आणि पुढच्या हंगामात त्यांचं गर्डलिंग करू नका.