सारसोळ्याचा बर्फ

२०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करायची सवय असलेल्या पायांना ताशी आठ किलोमीटरनं सायकल चालवायला सांगितलं की मांड्यांआधी खांदे भरून येतात. तोल सांभाळायला हँडल घट्ट धरलं जातं म्हणून. मॅरेथॉनमध्ये सायकल स्वयंसेवक व्हायचं ठरवलं तेव्हा तीन रविवार मी नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर फक्त हळू चालवण्याचा सराव केला आणि बूट पेडलला अडकवणारी क्लीट काढून साधी पेडल बसवली, कारण कुणी अचानक आडवं आलं तर पाय लगेच जमिनीवर टेकायला हवा.

फेब्रुवारीतला रविवार होता. अर्धमॅरेथॉनचा मार्ग सोपा : बेलापूरला महापालिका मुख्यालयापासून निघायचं, पाम बीचनं सानपाड्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत. खाडीकडची बाजू धावणाऱ्यांना, दुभाजकापलीकडची वाहनांना. माझ्या वाट्याला नेरूळच्या आसपासचा पट्टा आला होता. पिशवीत वेदनाशामक स्प्रे, क्रेप बँडेज, ओआरएसची पाकिटं, चिक्की, व्हॅसलीन आणि सेफ्टी पिना. सगळ्यात जास्त खपतात त्या पिना. घामानं बिब, म्हणजे छातीवर लावलेला क्रमांकाचा कागद, भिजतो, एक कोपरा फाटतो आणि मग तो फडफडणारा कागद माणसाला अर्ध्या रस्त्यात हैराण करून सोडतो.

आमचं काम मागून बघण्याचं. धावणाऱ्याच्या पुढे जाऊन वारा अडवायचा नाही, कानाशी घंटी वाजवायची नाही, थोडं मागे उजवीकडे राहायचं. मागून चेहरा दिसत नाही, पण पावलांचा आवाज ऐकू येतो. चांगल्या पायाचा आवाज कोरडा आणि सारखा असतो. माणूस थकला की टाच घासू लागते, एक हात हलायचा थांबतो, धड एका अंगाला कलतं.

साडेसातच्या सुमाराला ऊन पारसिकच्या टेकड्यांवरून रस्त्यावर उतरलं होतं. आदल्या रात्रीपासून हवा दमट होती, वारा अजिबात नाही. अशा हवेत घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. शरीर थंड होतं ते घाम सुकण्यानं. सारसोळ्याच्या जेट्टीच्या अलीकडे, परतीच्या वाटेवर, शर्यतीच्या सतराव्या किलोमीटरला, पुढे एक काका दिसले. पन्नाशीचे असावेत. टाच घासत होती, डावा खांदा उतरला होता आणि ते रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून हळूहळू खाडीकडे सरकत होते.

मी शेजारी गेलो. "काका, बरं वाटतंय ना?"

"एकदम मस्त."

हे उत्तर सगळेच देतात. म्हणून प्रशिक्षणात आम्हाला दुसरा प्रश्न शिकवला होता.

"किती झाले?"

"आत्ता तर सुरू झालंय," काका म्हणाले, आणि वळून उलट दिशेला, सानपाड्याकडे पळायला लागले.

मी सायकल टाकली आणि त्यांना धरलं. दंड चटका बसावा इतका गरम होता. मला ढकलून द्यायचा प्रयत्न केला, कुणावर तरी ओरडले, मग गुडघ्यातून खाली बसले. मागून येणारी एक मुलगी थांबली, तिनं घड्याळ बंद केलं आणि काकांचं डोकं मांडीवर घेतलं. वर्षभर मेहनत घेऊन ती त्या दिवशी दोन तासांच्या आत यायला निघाली होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

मी रुग्णवाहिकेला फोन केला. भोवती माणसं जमली आणि सगळ्यांचं एकच : "पाणी पाजा, पाणी पाजा!" मी बाटली दूर धरली, त्यावरून एकजण चिडलाही. पण भान हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. दुसरं कारणही होतं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम गरजेपेक्षा खाली गेलेलं आढळलं, आणि त्यात धावताना जास्त पाणी प्यायलेले बरेच होते. सोडियम फार उतरलं तरी माणूस असाच गोंधळतो. काकांना नेमकं काय झालंय हे रस्त्यावर बसून मला सांगता येणार नव्हतं. अंग तापलंय एवढं हाताला कळत होतं. उष्माघातात आधी थंड करायचं, मग हलवायचं. त्यासाठी बर्फ हवा होता, आणि पाण्याचं केंद्र दीड किलोमीटर पुढे.

तेवढ्यात जेट्टीच्या वाटेनं एक मावशी वर आल्या. मागे एक पोरगा थर्माकोलचा खोका डोक्यावर घेऊन. गर्दी बघून त्या आत शिरल्या, काकांच्या कपाळाला हात लावला आणि पोराला हाक मारली. "बरफ हाय आमचेकरं. ने सगला."

खोक्यात मासळीखाली चुरलेला बर्फ होता. घाईत उतरवताना खोक्याची एक बाजू फुटली, मासळी रस्त्यावर पडली. मावशींनी ती पदराच्या टोकानं बाजूला सारली. त्या मुलीनं स्वतःचा टीशर्ट, मी गमछा, कुणी टोपी, कुणी नॅपकिन असं काढून दिलं. बर्फाच्या पाण्यात भिजवायचं, मानेवर, काखेत, जांघेत, छातीवर टाकायचं, गरम झालं की बदलायचं. पोरगा टोपीनं वारा घालत होता. अंगाखांद्याला बोंबलाचा वास येत होता आणि कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

घरच्यांना कळवायला म्हणून मी बिब उलटला. मागे रक्तगट आणि नातेवाइकाचा फोन लिहायला चौकट असते. ती कोरी होती. बिबचा क्रमांक नियंत्रण कक्षाला कळवला. त्यांनी नोंदणीतला आपत्कालीन क्रमांक काढून लगेच फोन लावला, आणि काकांच्याच दंडाला बांधलेला मोबाइल वाजायला लागला. नोंदणी करताना त्यांनी दोन्ही रकान्यांत स्वतःचाच नंबर टाकला होता. त्या रिंगनं माझ्या पोटात जसा खड्डा पडला, तसा त्यांना खाली बसताना बघूनही पडला नव्हता.

रुग्णवाहिका आली ती दुभाजकाच्या पलीकडून. इकडे यायला वाट ठेवलेलीच नव्हती. स्ट्रेचर झुडपांवरून उचलून आणावं लागलं. याचा मला आजही राग येतो, आणि आयोजकांना मी तो लेखी कळवलाय. फोनपासून तोवर एकोणीस मिनिटं गेली होती. डॉक्टरांनी आतून घेतलेलं तापमान ३९.४ निघालं. "सुरुवातीला चाळिसाच्या वर असणार," त्या म्हणाल्या आणि गमछा बदलायला पुन्हा हात पुढे केला. दार बंद होताना काकांनी विचारलं, "माझी बायको कुठाय?" तेव्हा माझे हात थरथरायला लागले. अंतिम रेषेपाशी माइकवरून बिबचा क्रमांक पुकारून काकूंना शोधलं गेलं.

काका तीन दिवसांत घरी आले. आता मी शनिवारी बिबवाटपाच्या टेबलावरही बसतो. पेन पुढे करतो आणि मागची चौकट माझ्यासमोर भरून घेतो. रांग लांबते, लोक कुरकुरतात. लांबू दे. दोनच्या दोन रकान्यांत एकच नंबर दिसला की पुन्हा लिहायला लावतो.

पुढच्या महिन्यात काका, काकू आणि मी सारसोळ्याला गेलो. ओहोटी होती, होड्या चिखलात टेकलेल्या, पलीकडे तिवरांच्या कडेला फ्लेमिंगो. मावशींनी काकांना ओळखलं नाही, काकूंनी सांगितल्यावर नीट वरून खालपर्यंत पाहिलं. काकांनी मासळीचे पैसे देऊ केले, मावशींनी हात मागे घेतला. मग काकूंनी आणलेला नवा थर्माकोलचा खोका पुढे केला. तो मात्र त्यांनी घेतला, झाकण घट्ट बसतं का ते दाबून पाहिलं आणि पोराच्या हातात दिला.